जुना छोटा हत्ती: आधी रिकामी गाडी काट्यावर घाला

प्रश्न असा आहे: ओतूरकडचा एक तरुण, वडिलांचं हार्डवेअरचं लहान दुकान, घरचे दोन एकर टोमॅटो. ओळखीत २०१२ चा टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, मिळतोय. घ्यावा का? घेतला तर सिमेंट, प्लायवूड, पाइप आणि टोमॅटोचे क्रेट एवढ्याशा हौद्यात कसे बसवायचे? मागे एकेक पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, वाढवला आणि बंद बॉडी केली तर खेपेला जास्त माल जाईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण गाडी घेणारे नव्वद टक्के लोक तिथेच फसतात. पाटा वाढवू नका. बंद बॉडीही आत्ता करू नका. कारण पुढे येईल. गाडी मात्र घ्या, चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, नीट असेल तर.

माझी गाडी २००७ ची आहे. २०११ मध्ये जुनीच घेतली आणि अजून तीच चालवतो. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर हा रोजचा पट्टा आणि हंगामात माळशेज उतरून मुरबाडमार्गे कल्याण मार्केट. त्याआधी तीनचाकी होती. तीनचाकीतून चारचाकीवर आलो तेव्हा पहिला महिनाभर वळणावर आपोआप अंग आत झुकायचं, आणि गाडी उलटत नाहीये याचंच नवल वाटायचं.

तुम्ही वयाने लहान आहात म्हणून गाडीची थोडी ओळख करून देतो. ही गाडी २००५ साली आली. इंजिन म्हणजे इंडिकाच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा अर्धा भाग, दोन सिलिंडर, ७०२ सीसी, ताकद १६ अश्वशक्ती. आजच्या बुलेटला याहून जास्त ताकद असते. कंपनीने माल सांगितला ७५० किलो, आणि मालासकट गाडीचं एकूण वजन १,५५० किलो. चार गिअर. साठच्या पुढे पळवायची नाही, तिला ते झेपत नाही आणि तुमच्या टोमॅटोलाही नाही. इंजिन सीटखाली आहे. सीट उचलली की ऑइल, बेल्ट, सगळं समोर. आमच्या इथला मेकॅनिक कॉम्प्युटर न लावता नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो. जुन्या साध्या गाडीचा खरा फायदा हाच आहे. सीटखालच्या उष्णतेचा एक तोटाही सांगून ठेवतो: पेढ्यांचा बॉक्स शेजारच्या सीटवर कधी ठेवू नका. मी एका साखरपुड्याला अर्धा किलो खवा घेऊन पोचलो होतो.

आता मुद्द्याचं. लोक हौद्याकडे बघून माल ठरवतात. कंपनीच्या कागदावर हौदा २,२०० बाय १,४९० मिलिमीटर, म्हणजे सव्वासात फूट लांब आणि पाच फुटाला थोडा कमी रुंद, फळ्या फूटभर उंच. बघताना वाटतं, एवढीशीच तर जागा, भरून टाकू. हिशेब करा. तो हौदा फळीच्या काठापर्यंत सपाट वाळूने भरला तर साधारण ३५ घनफूट होतात, ब्रासच्या, म्हणजे शंभर घनफुटांच्या, तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त. त्या वाळूचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. म्हणजे फळीच्या वर एक खडाही न जाता तुम्ही दुप्पट माल घातला! वाळू हौद्याच्या निम्म्यापर्यंत आली की गाडी भरली. वरचा अर्धा हौदा रिकामा दिसत राहणार आणि समोरचा माणूस म्हणत राहणार, ‘अजून चार पाट्या टाक की.’

उलट गाद्या, रिकामे क्रेट, पाण्याची रिकामी टाकी, प्लास्टिकच्या खुर्च्या यांनी हौदा ओसंडून जातो आणि काट्यावर दीडशे किलोही भरत नाहीत. त्यामुळे माझ्या डोक्यात दोन वेगळ्या गाड्या असतात. एक वजनाची, एक जागेची. आजचा माल कोणत्या गाडीचा आहे हे आधी ठरवायचं, मग दोराला हात लावायचा.

वजनाच्या गाडीसाठी तुम्हाला एक आकडा लागेल, आणि तो ७५० नाही. गाडी घेतल्याच्या दिवशीच टाकी फुल करा, स्टेपनी, जॅक, दोर, ताडपत्री, जे काही कायम गाडीत असणार ते घाला, स्वतः आत बसा आणि काटा करा. जो आकडा येईल तो १,५५० मधून वजा करा. उरेल तो तुमचा माल. माझी गाडी पहिल्यांदा काट्यावर घातली तेव्हा माझ्यासकट ९६० किलो भरली. उरले ५९०. कंपनीच्या आकड्यातले १६० किलो गेले कुठे? आधीच्या मालकाने हौद्याभोवती जाड अँगलचा पिंजरा वेल्डिंग करून घेतला होता, केबिनवर लोखंडी कॅरिअर होतं, आणि सीटमागे एक जुनी बॅटरी पडलेली, ती कोणाची हे अजून कळलेलं नाही. पिंजरा कापून टाकला, त्याजागी काढता-घालता येणारे चार पाइप केले, बॅटरी भंगारात दिली. परत काटा केला, ८८५. म्हणजे माल ६६५ किलो. हा आकडा मी ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलाय, कारण पहाटे चार वाजता हमाल आणि अडत्या दोघं मिळून आग्रह करतात तेव्हा स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवता येत नाही.

टोमॅटोच्या क्रेटवर हा आकडा लावून दाखवतो. आपल्याकडचा नेहमीचा प्लास्टिकचा क्रेट ५४० बाय ३६० मिलिमीटरचा असतो, उंची २९०. लांबीकडून चार, रुंदीकडून चार, असे एका थरात सोळा बसतात. जेमतेम बसतात, बाजूची फळी आत चेपलेली असेल तर चौथी रांग अडते, म्हणून गाडी बघायला जाताना एक क्रेट सोबत न्या. भरलेला क्रेट क्रेटच्या वजनासकट २३ किलोच्या आसपास. एक थर ३६८ किलो, दोन थर ७३६. कागदावरचे ७५० अगदी बरोबर दोन थरांत संपतात. माझ्या ६६५ मध्ये २८ क्रेट. सोबत मुलगा बसला की त्याच्या वजनाचे तीन क्रेट उतरले. तुम्ही मार्केटला उभे राहाल तेव्हा तीन-तीन, चार-चार थर घातलेले हत्ती येताना दिसतील. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. त्या दोन वर्षांत मागचे पाटे दोनदा तुटले, क्लच प्लेट वेळेआधी गेली, आणि ब्रेक लायनर तर मोजणं सोडून दिलं होतं. जास्तीच्या क्रेटचं भाडं त्यात गेलं, वर हंगामातले गाडी उभी राहिलेले दिवस वेगळे.

दंडाचंही बोलून घेऊ. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्त वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, शिवाय जास्तीचा माल तिथेच तुमच्या खर्चाने उतरवायचा. माल बाजूला, पुढे किंवा मागे हौद्याबाहेर काढला तरी २० हजारांचं कलम आहे. आणि हौद्यात माणसं बसवू नका. लग्नाला नको, देवाला नको, मजूर असले तरी नको. मालगाडीच्या विम्यात ती माणसं बसत नाहीत.

वजन ठरलं, आता ते ठेवायचं कुठे. जड माल केबिनच्या पाठीला टेकून, पुढे. हलका मागे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे मोडतात, कारण जड माल मागे ठेवला की उतरवायला सोपा. मी कसा शिकलो ते सांगतो. कल्याणहून परतीचं भाडं मिळालं, दोन बाय दोनच्या टाइल्सचे वीस बॉक्स, एकेक २८ किलोचा. एकूण ५६० किलो, म्हणजे वजनात मी बसत होतो. सोबत एका घरच्या गाद्या आणि रिकामे क्रेट होते, ते शेवटी उतरायचे म्हणून आधी, पुढे भरले. टाइल्स पहिल्या उतरायच्या म्हणून फाळक्यापाशी, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या फळीपाशी ठेवल्या. मुरबाडपर्यंत काही जाणवलं नाही. माळशेजचा चढ लागला, जुलै महिना, धुकं आणि रस्त्यावरून पाणी वाहतंय, आणि स्टेअरिंग अचानक हलकं झालं. हलकं म्हणजे इतकं, की वाटलं पॉवर स्टेअरिंग बसवलंय कोणीतरी. एका डाव्या वळणावर चाकं वळवली आणि गाडी हातभर सरळच गेली. मागचं वजन चाकांच्या पाठीमागे लोंबत होतं, तराजूसारखं, आणि पुढची चाकं नुसती रस्त्याला चिकटल्यासारखी दिसत होती. धबधब्यापाशी जागा बघून उभा राहिलो आणि पावसात एकट्याने वीसही बॉक्स पुढे सरकवले. पर्यटक फोटो काढत होते.

तेव्हापासून नियम असा: उतरवायच्या क्रमापेक्षा वजन मोठं. जड माल आधी उतरायचा असेल तर हौद्याचे आडवे भाग न करता उभे करा. डाव्या अर्ध्यात पुढून मागे पहिल्या गिऱ्हाइकाचा माल, उजव्या अर्ध्यात दुसऱ्याचा, आणि दोन्हीकडे जड ते पुढे. पहिला माल उतरला की उरलेलं वजन एका बाजूला येतं, तेव्हा पाच मिनिटं खर्च करून ते मधे ओढून घ्या. बाजूच्या फळ्याही उघडणारा हौदा मिळाला तर हे काम निम्मं होतं. त्यासाठी दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील.

टाइल्स नेहमी उभ्या, धारेवर. आडव्या रचल्या तर पहिल्याच गतिरोधकाला खालच्या बॉक्सचे कोपरे जातात. सिमेंटच्या गोण्या केबिनला टेकून आडव्या, दोन थर, तिसरा थर लावायची वेळ आपल्या वजनात येतच नाही. माझ्या गाडीत तेरा गोण्या म्हणजे संपलं. तुमच्या दुकानात खतंही असतील तर लक्षात ठेवा, युरियाची गोणी आता ४५ किलोची आहे आणि डीएपीची ५०, म्हणजे ‘गोणी’ म्हणून सरसकट मोजू नका. खत नेल्यावर हौदा धुतल्याशिवाय टोमॅटो भरू नका. खताची भुकटी फळासाठी वाईट आणि पत्र्यासाठी त्याहून वाईट.

प्लायवूड हा तुमचा खरा अडचणीचा माल असणार. शीट आठ बाय चार. हौदा सव्वासात फूट. आडवी घातली तर फाळका उघडा ठेवावा लागतो आणि शीट बाहेर येते, म्हणजे वर सांगितलेलं कलम. चार-पाच शीट असतील तर एक युक्ती आहे: त्या धारेवर उभ्या करून एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरप्या लावा. हौद्याचा कर्ण साडेआठ फुटांच्या वर भरतो, आठ फुटी शीट फाळका बंद करून आत बसते. दोन्ही बाजूंना उरणाऱ्या तिकोनी जागांत खिळ्यांची खोकी, रंगाचे डबे, किरकोळ सामान घट्ट बसवा, म्हणजे शीटना टेकूही मिळतो. वारा मात्र पकडतात, तेव्हा वरून दोन दोर. वीस शीटचा गठ्ठा न्यायचाच असेल तर १८ मिलिमीटरच्या शीटचं वजन तीस-पस्तीस किलो धरा, वीस शीट म्हणजे सहाशे ते सातशे किलो. तो माल होलसेलवाल्याच्या मोठ्या पिकअपमधून मागवा. सगळा माल आपल्याच गाडीने आला पाहिजे हा हट्ट नवीन गाडीवाल्याला फार असतो, मलाही होता.

पीव्हीसी पाइप दहा फुटी असेल तर केबिनमागे पाइप टेकवायला एक हलकी चौकट, म्हणजे घोडी, करून घ्या, केबिनच्या टपापेक्षा जेमतेम उंच. पाइपचं मागचं टोक हौद्यात फाळक्यापाशी, पुढचं घोडीवरून टपावर. काचेच्या पुढे येत नाही. वीस फुटी पाइप नाही न्यायचा. आख्खी गाडीच साडेबारा फुटांची आहे, पाइप तिच्यापेक्षा लांब.

मोकळ्या जागेचं काय करायचं हे कोणी विचारत नाही, पण माल फुटतो तो मोकळ्या जागेमुळे. हलायला जागा मिळाली की कपाट आधी सरकतं आणि मग पडतं. मी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाच्या तीन जुन्या ट्यूब ठेवतो. मालाच्या आणि फळीच्या मधे रिकामी ट्यूब सारायची आणि पंपाने निम्मी फुगवायची. कपाटाला ओरखडा नाही, क्रेट हलत नाहीत, आणि काम झालं की हवा सोडून सीटमागे. गोणपाटाच्या घड्या हाही चांगला मसाला आहे, फक्त ओल्या झाल्या की वाळवा, नाहीतर गाडीला वास लागतो.

आता दोर. ही गोष्ट लिहून शिकवणं अवघड आहे, तरी बघा. हुकाला नुसता दोर गुंडाळून ओढलात तर तो तुमच्या हाताच्या ताकदीपुरताच आवळतो. डाव्या बाजूच्या हुकाला दोर पक्का करा, मालावरून उजवीकडे टाका. उजवीकडे लोंबणाऱ्या दोरावर, हुकाच्या दोन-तीन वीत वर, पीळ देऊन एक डोळा करा, आणि त्या डोळ्यातून त्याच दोराचा दुमडलेला पदर ओढून घ्या. एक फास तयार होईल. खालचं टोक हुकाखालून वळवून वर आणा, त्या फासातून घाला आणि मग अंगाचा भार टाकून खाली ओढा. तो फास कप्पीचं काम करतो. एका माणसाच्या ओढीत दोन माणसांची ताकद येते आणि दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा वाजतो. ताण न सोडता डाव्या हाताच्या अंगठ्याने फासापाशी दोर चिमटीत धरा आणि खाली दोन अर्ध्या गाठी मारा. सोडताना या गाठी एका झटक्यात सुटतात, कापाव्या लागत नाहीत. घरी खिडकीच्या गजावर वीस वेळा करून बघा. मार्केटमध्ये मागून हॉर्न वाजत असताना शिकता येत नाही.

नायलॉनचा दोर ताणतो, त्यामुळे निघाल्यावर पाच-सात किलोमीटरवर थांबून परत ओढावा लागतो. मी पहिला चहा त्यासाठीच घेतो. तोवर क्रेटही आपापल्या जागी बसलेले असतात आणि दोर सैल पडलेला असतो. कपाट, फ्रिज यांना रॅचेट बेल्ट बरा, पण क्रेटला नको, तो आवळताना क्रेटच्या कडा चेपतो आणि फळ दबतं. फ्रिज उभाच न्यायचा, त्यावर गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही.

ताडपत्री टोमॅटोवर गच्च बांधली तर कल्याणला पोचेपर्यंत वरचा थर घामाने ओला झालेला असतो. पाऊस नसेल तर शेडनेट टाका. पाऊस असेल तर ताडपत्री फक्त वरून, मधे एक पाइप आडवा ठेवून उतार द्या, बाजू उघड्या. मधे खळगा राहिला की त्यात बादली-दोन बादल्या पाणी साठतं आणि नेमकं ब्रेक मारल्यावर ते केबिनवर येतं. ताडपत्रीची पुढची कड केबिन आणि मालाच्या फटीत खोल खोचा, कारण वारा तिथूनच शिरतो. दोन तुकडे असतील तर पुढचा तुकडा मागच्याच्या वर आला पाहिजे. कांदा मात्र थेंबभरही ओला होऊ द्यायचा नाही, त्याला तीनही बाजूंनी झाका आणि मागची बाजू उघडी ठेवा.

हौद्याच्या तळाला भंगारात मिळणारा कन्व्हेयरचा पट्टा मापाने कापून टाका. क्रेट घसरत नाहीत, सिमेंटची गोणी फाटत नाही. वजन मात्र त्याचंही धरा. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तो उचलून खाली बघा. टोमॅटोचा रस, कांद्याची साल, सिमेंटची भुकटी तळाच्या कोपऱ्यात जमते, पाणी जायची भोकं बुजतात आणि वरून चकाचक दिसणारा पत्रा खालून पापडासारखा होतो. माझा एकदा झाला. एका क्रेटचा कोपरा तळातून आरपार गेला तेव्हा कळलं.

तुमच्या २०१२ च्या गाडीकडे येतो. रंग बघू नका, खाली झोपा. मागच्या पाट्यांचे हँगर चेसिसला जिथे बसतात तिथे वेल्डिंगचा ठिगळ आहे का बघा. असेल तर गाडी ओव्हरलोड चालली आहे, सोडून द्या, कितीही स्वस्त असो. दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. एका बाजूला जास्त किंवा नवे-जुने मिसळलेले दिसले तरी तेच समजा. मागचे टायर आतल्या कडेने जास्त झिजले असतील तर ॲक्सल वाकलेला असू शकतो. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलेलं नको. निळा धूर थांबत नसेल तर इंजिनाचं काम निघणार. रेडिएटरच्या टाकीत बघा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलेलं असू शकतं. या गाड्या घाटात कमी पाण्यावर चालवून तापवल्या जातात, आणि एकदा तापलेलं हेड परत परत त्रास देतं. मग बंद आवारातच, मागे कोणी नसताना, जोरात ब्रेक मारून बघा, एका बाजूला ओढते का.

कागदात फिटनेसची तारीख आधी बघा. आठ वर्षांच्या वरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी करावा लागतो, आणि आपल्याकडे आठ वर्षांनंतर पर्यावरण कर भरावा लागतो, तो भरलाय का विचारा. परमिटची भानगड नाही, तीन टनांच्या आतल्या मालगाडीला ते लागत नाही. तुमचं साधं कारचं लायसन्स चालेल. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे परत स्पष्ट केलं आहे. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आता राहिलेला पाटा आणि बंद बॉडी. पाटा वाढवला की गाडी कमी दबते, म्हणून वाटतं ताकद वाढली. पण ब्रेक तेच, बेअरिंग तेच, ॲक्सल तोच, १६ अश्वशक्ती तीच. बदललं फक्त एवढंच की गाडी भरली आहे हे दाखवणारी खूण तुम्ही काढून टाकली. शिवाय अर्धी भरलेली गाडी अशी उडते, की तळाच्या थरातल्या टोमॅटोची चटणी होते. बंद बॉडीचं वजन थेट तुमच्या मालातून जातं, आरसीवर बदल चढवावा लागतो, आणि टोमॅटोला त्यात हवा नाही. पुढे कधी दुकानाचं काम वाढून किराणा किंवा बेकरीचा माल न्यायला लागलात तर बोलू.

रिकाम्या परतीचा एक शब्द. कल्याणहून येताना रिकामे क्रेट चार-चारच्या थप्पीत ६४ बसतात, वजन सव्वाशे किलोही नाही, आणि म्हणून लोक ते न बांधता निघतात. मुरबाडच्या पुढे वाऱ्याने वरचा क्रेट उडून मागच्या मोटारसायकलवाल्यापुढे पडलेला मी बघितला आहे. वरच्या थरावरून आडवा-उभा दोर टाका. आणि गणपतीच्या आधीच्या महिन्यात पेणहून मूर्ती आणायचं भाडं मिळालं तर अवश्य घ्या. जागेच्या गाडीचं सगळ्यात देखणं भाडं ते. तळाला भाताचा पेंढा जाड पसरा, मूर्तीचं तोंड केबिनकडे, पाटाभोवती ट्यूब, दोर मूर्तीला नाही तर पाटाला. त्या दिवशी मी तीसच्या पुढे जात नाही आणि मागचा कोणी हॉर्नही वाजवत नाही.

आळेफाट्याच्या बाजूला काटा करायचा असेल तर सकाळी दहानंतर जा, त्याआधी टोमॅटोच्या गाड्यांची रांग असते. रिकाम्या गाडीचा आकडा आला की मला कळवा, त्यात दुकानाचा माल कसा बसवायचा ते बघू.